एकोणीस दाखले

नीतिशास्त्राच्या पेपरात वर्गात सगळ्यांत जास्त गुण मला मिळाले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणी म्हणायला नको की, बिचारीला कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवलं होतं हो! चांगलं घोटून घेतलं होतं. कर्तव्य म्हणजे काय, सत्य म्हणजे काय, हेतू महत्त्वाचा की परिणाम, सगळं मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आणि तरीही मी जे केलं ते केलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. जाऊही नये.

छप्पन्न-सत्तावन्नच्या सुमाराची गोष्ट. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. वडिलांना पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात टाइमकीपरची नोकरी लागली, म्हणून चिंचवडला दोन खोल्या घेऊन राहिलो. मी आगगाडीनं पुण्याला कॉलेजात जायची, तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करत होते. शेजारणी आईला विचारायच्या, "अहो, ते तत्त्वज्ञान म्हणजे काय? लग्नानंतर उपयोगी पडतं का?" आई म्हणायची, "पडेल की. नवरा ओरडला तरी हिला राग येणार नाही." आईचे अंदाज सहसा चुकत नसत, हा मात्र साफ चुकला.

नीतिशास्त्र शिकवायला जे सर होते तेच कॉलेजच्या सेवा मंडळाचे अध्यक्ष. स्वच्छ खादी, हळू आवाज, बोलायला लागले की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी. खोटं बोलणं कोणत्याही कारणानं क्षम्य नाही, हे त्यांनी आम्हाला इतकं पटवलं होतं की मी घरी दारावर आलेल्या बोहारणीला "आई घरात नाही" असंसुद्धा सांगेनाशी झाले. आईनं त्यावरून मला दोनदा चांगलं झापलं. सर म्हणत, नीती पुस्तकात वाचून येत नाही, ती लोकांत जाऊन शिकायची असते. मला ते इतकं आवडलं की मी दुसऱ्याच दिवशी मंडळात नाव घातलं.

मंडळानं चाकणच्या अलीकडचं, नाशिक रस्त्यावरचं एक गाव घेतलं होतं. दर रविवारी वडील मला सायकलवर भोसरीपर्यंत सोडत, तिथून मी पुण्याकडून येणारी एस.टी. धरायची. मुलगे चावडीत पुरुषांना शिकवत. बायकांचा वर्ग माझ्याकडं होता, देवळाच्या ओसरीवर, दुपारची भाकरी झाल्यावर. एकोणीस बायका यायच्या. कुणी खुरपणं सोडून यायची, कुणी धुणं तसंच ठेवून. "बाई, हाताला घट्टे पडल्यात, पेन्सल धरवंना," म्हणत हसायच्या. मी विशीतली पोर, आणि त्या मला बाई म्हणत होत्या. मला केवढा तो अभिमान!

आता खरी मेख. गाव तीन महिन्यांत 'साक्षर गाव' करायचं, असं मंडळानं वर कळवून टाकलं होतं. वेशीवर पाटी लागणार होती, ती लावायला मंत्री येणार होते. आणि माझ्या बायका 'क'च्या कान्यापाशी अडलेल्या. मी सरांना सांगितलं की, हे व्हायचं नाही. सर शांतपणे म्हणाले, "आधी सही शिकव. अंगठ्याची लाज गेली की बाकीचं मागोमाग येतं."

म्हणून मी सही शिकवली. अक्षरं नाही, सही. रांगोळीची नक्षी काढावी तसं प्रत्येकीला तिचं नाव काढायला शिकवलं. यातलं कुठलं अक्षर कोणतं, हे विचारलं तर सांगता येत नव्हतं, पण नाव बिनचूक उतरायचं. मग दाखले आले. छापील. 'सदर व्यक्तीस मराठी लिहिता-वाचता येते याची मी स्वतः खात्री केली आहे.' खाली शिक्षकाची सही. मी सरांना म्हटलं, "यांना वाचता येत नाही अजून." सर म्हणाले, "येईल. दाखला प्रोत्साहनासाठी असतो." पहिल्या दाखल्यावर सही करताना माझा हात अडखळला. पुढच्या अठरांना तो अडखळलासुद्धा नाही. पहिल्या खोट्यालाच काय तो घाम फुटतो.

त्या एकोणिसांत एक विधवा होती, पस्तिशीची. गाव तिला वैनी म्हणायचं, मीही तेच म्हणे. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याच्या माघारी रस्त्याला लागून असलेलं तीन एकर शेत तिच्या नावावर चढलं होतं, ती ते स्वतः करायची आणि दिराच्या घरात एका खोलीत राहायची. सहीचं वेड लागावं तर या बाईसारखं! कोळशानं भिंतीवर सही, काडीनं अंगणात सही. एकदा जाऊन बघते तर उन्हात घातलेल्या प्रत्येक गोवरीवर बोटानं सही केलेली. मी म्हटलं, "वैनी, हे काय?" तर म्हणाली, "चोरीला जात्यात बाई. आता न्यावं कुनी, नाव घेऊन जाईल माजं." आम्ही दोघी पोट धरून हसलो. दाखला मिळाला तो तिनं चौकटीत बसवून देवांच्या तसबिरींशेजारी लावला.

मंत्री आले, पाटी लागली, फोटो निघाले. मंडळाचं काम संपलं. आम्ही गावाकडं पाठ फिरवली. होय, फिरवली. वर्ग पुढं चालू ठेवायचं कुणाच्या मनातही आलं नाही, माझ्यासुद्धा.

चार-पाच महिन्यांनी एका सकाळी वैनी आमच्या चिंचवडच्या दारात उभी. एस.टी.नं भोसरीला उतरून, 'कालिजात जानाऱ्या बाईचं घर' विचारत चालत आली होती. आईनं चहा दिला, तो तिनं घेतला नाही. म्हणाली, "बाई, शेत गेलं."

झालं होतं ते असं. दीर तलाठ्याचा एक कागद घेऊन आला आणि म्हणाला, "वैनी, सरकार शेताला बांध घालून देतंय, त्याचा अर्ज हाय. आता तुमाला सही येती, करा झोकात." तिनं केली. तो अर्ज नव्हता. 'मी माझ्या राजीखुशीनं शेतावरचा हक्क दिराच्या लाभात सोडत आहे' असा जबाब होता तो. पिंपरीकडं कारखाने येत होते, रस्त्याकडेच्या जमिनीला नवी किंमत येणार हे दिराला कळलं होतं, वहिनीला कळलं नव्हतं. नांगर घालायला गेली तर बांधावर दिराचा गडी उभा. तलाठ्याकडं गेली तर तो म्हणाला, "तुमीच सही केलीया की."

पुढं ती जे बोलली ते मला तत्त्वज्ञानाच्या कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. "बाई, मालक गेलं तवा वारसाच्या कागदावर माजा अंगठा घेतला. तवा तलाठ्यानं कागद मोठ्यांदा वाचून दावला. दोन पंच उभं केलं. वाचून दावनाऱ्यानं खाली सवताचं नाव घातलं. अंगठ्याला समदे भितात, उद्या बाई म्हनंल मला ठावं न्हवतं. औंदा सही केली, तर कुनी काय वाचूनच दावलं न्हाई. सही येती म्हंजी वाचता येतंच की, असं झालं."

बाईच्या हातात अंगठ्याची एक ढाल होती, ती आम्ही समाजसेवा म्हणून काढून घेतली होती, आणि वर पाटी लावून फोटो काढले होते! आई चुलीपाशून बघत होती. "आता गं?" एवढंच म्हणाली.

वडिलांनी तक्रारअर्ज लिहून दिला. मामलेदार महिन्याभरानं गावात मुक्कामाला येणार होते, तिथंच चावडीवर चौकशी होणार होती. दीर काय म्हणणार ते उघड होतं: वहिनी शिकलेली आहे, वाचून सही केली. म्हणजे सगळं एका गोष्टीवर येऊन ठेपलं. तिला वाचता येत नव्हतं, हे कुणीतरी सांगायचं. आणि ते अधिकारानं सांगू शकणारी माणूस एकच होती, मी.

मी सरांकडं गेले. मला वाटलं होतं, सर म्हणतील, चल, मीही येतो. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "एका बाईचं शेत एकीकडं, आणि एका अख्ख्या गावाचा आत्मविश्वास दुसरीकडं. उद्या वर्तमानपत्रात आलं की दाखले खोटे होते, तर पुन्हा कोण कुणाला शिकवायला जाईल? परिणामांचा विचार कर."

परिणामांचा! जो माणूस वर्षभर सांगत आला की परिणाम काहीही होवोत, सत्य ते सत्य, तो मला परिणाम शिकवत होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी म्हटलं, "सर, पण दाखला खोटा आहे." तर म्हणाले, "ते 'साक्षर' शब्दाची व्याख्या काय करतेस त्यावर आहे. सही करणं हीसुद्धा साक्षरतेची एक पायरीच. विचारलं तर तेवढंच सांग. खोटंही बोलावं लागणार नाही." आणि मी निघताना, सहज बोलावं तसं, "एम.ए.साठी माझी शिफारस लागेल ना तुला?"

मी पायऱ्या उतरताना ठरवून टाकलं, सगळं सांगायचं. गेली शिफारस खड्ड्यात. घरी येऊन वडिलांसमोर, आईसमोर, आरशासमोर मी ते वाक्य म्हणून पाहिलं: हे सगळे दाखले खोटे आहेत आणि ते मी दिलेत. आरशासमोर तर फारच छान जमायचं.

चौकशीच्या दिवशी चावडी भरली होती. मामलेदार टेबलामागं, शेजारी कारकून. दिरानं दाखला आणला होता तो चौकटीसकट, भिंतीवरून उतरवून. निलाजरा कुठला! भिंतीच्या सावलीला माझ्या बाकीच्या अठरा बायका बसल्या होत्या, त्यांचे नवरे मागं उभे. बायका माझ्याकडं बघून हसल्या. एकीनं तर हात केला.

मामलेदारांनी विचारलं, "हा दाखला तुम्ही दिलात?"

"हो."

"यात लिहिल्याप्रमाणं या बाईला वाचता येत होतं?"

एक शब्द पुरेसा होता. 'नाही.' दोन अक्षरं. मी त्या अठरा चेहऱ्यांकडं पाहिलं. एकीचा नवरा तिला 'साक्षर बाई' म्हणून चिडवायचा, कौतुकानं. तिचं काय होणार? सरांचं काय? माझं काय? खोटं कशाला सांगू, माझंही आलंच मनात. आणि माझ्या तोंडून निघालं, "साक्षर म्हणजे काय, यावर ते अवलंबून आहे."

मामलेदार म्हणाले, "मी तुम्हाला वाचण्याबद्दल विचारतोय."

"हो, पण म्हणजे, साक्षरतेच्या काही पायऱ्या असतात…" मी बोलत होते. माझ्याच कानांना सरांचा आवाज ऐकू येत होता. कारकून टाक थांबवून माझ्याकडं बघत होता. मला पुढचं वाक्य सापडेना.

तेव्हा वैनी उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खणखणीत म्हणाली, "येतं मला वाचाया. बाईंनी शिकवलंय. बाई खोटा दाखला कशापायी देतील?"

कारकुनानं ते लिहून घेतलं. मी "नाही, नाही, साहेब, खोटा आहे दाखला!" असं ओरडले, पण ते ओरडले केव्हा, तर लिहून झाल्यावर. मामलेदार वैतागून म्हणाले, "मघाशी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत? आता दोघी मिळून रडगाणं लावू नका." पुढचं प्रकरण पुकारलं गेलं.

बाहेर आल्यावर मी तिच्या अंगावर धावून गेले. खरंच, धावून. स्वतःचा राग माणूस असाच दुसऱ्यावर काढतं. "वैनी, वेड लागलं होतं का तुम्हाला? शेत तुमचं गेलं ना!"

ती म्हणाली, "तुमचं त्वांड बघवंना मला. समद्या गावामोरं तुमी अशा अडाकल्या. शिकवनाऱ्या बाईला खोटं कसं पाडू?"

मला रडू फुटलं. ती रडली नाही. ती म्हणाली, "आता रडून काय? निकालाचा कागद येईल म्हनं. त्यो मला माजा मी वाचायचाय. दुसऱ्याच्या तोंडून न्हाई. शिकवनार का? खरं खरं?"

त्या रविवारपासून मी पुन्हा जायला लागले. मंडळाशिवाय, एकटी. सहीतली अक्षरं आधी सुटी केली. हा 'र', हा 'म', हा काना. आपल्या नावात काय काय आहे हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि ती माझ्यावर भडकली. "हे तवाच सांगाया काय झालं व्हतं?" मग वाण्याच्या पुड्यांचे कागद, एस.टी.च्या पाट्या, सातबाऱ्याचा उतारा. बाकीच्यांपैकी सहाजणी येऊन बसायला लागल्या. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, पोळा आला. निकाल आला तेव्हा तिनं तो ओसरीवर बसून बोट ठेवत वाचला. 'अर्जदार बाई साक्षर असल्याचे तिच्याच जबाबावरून दिसते.' अर्ज फेटाळला होता.

प्रांतांकडं अपील करायला मुदत होती. अपिलाचं काय झालं ते सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. दीड वर्षानं शेत तिच्या नावावर परत चढलं. तोवर दिरानं रस्त्याकडेचा पट्टा विकून टाकला होता, तिथं कुणाचं तरी गोदाम उभं राहिलं, तो पट्टा गेला तो गेलाच. वेशीवरची पाटी अपिलानंतर कुणीतरी गुपचूप काढली. सरांनी शिफारस दिली नाही. मी एम.ए. दुसरीकडून, उशिरा केलं. पुढं ज्यांना ज्यांना मी सरांची ही गोष्ट सांगितली त्यांनी सरांना शिव्या घातल्या, आणि मी त्या ऐकून घेतल्या, कारण त्या वेळी माझी गोष्ट तेवढ्यावरच संपायची. पुढची मी सांगत नसे.

अपिलाचा अर्ज मी लिहिला होता. दोन रात्री जागून, वळणदार अक्षरात. दाखले खोटे होते हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. बाकीचे अठराही. सरांनी सांगितलं होतं तेही. मला माझंच कौतुक वाटत होतं, अखेर धीर केला म्हणून. तो घेऊन मी ओसरीवर गेले आणि तिच्यापुढं ठेवला. म्हटलं, "इथं सही करा वैनी, आजच टपालात टाकते."

तिनं सही केली नाही. कागद मांडीवर घेतला आणि वाचायला लागली. एकेक ओळ, बोट ठेवून, ओठ हलवत. ऊन ओसरीच्या कडेवरून खाली उतरलं. एस.टी.ची वेळ टळत होती. मी म्हटलं, "अहो, मीच लिहिलंय. बरोबर आहे सगळं." तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या पानावर बोट थांबलं. ती ओळ तिनं दोनदा वाचली. मग मोठ्यानं वाचली: "सदर दाखला… शिक्षिकेकडून… गैर… समजुतीने… दिला गेला."

"गैरसमजुतीनं म्हंजी?"

"म्हणजे चुकून. नीट न कळल्यामुळं."

तिनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"पर बाई, तुमाला तर ठावं व्हतं."

तिनं कागद माझ्यापुढं सरकवला, वर टाक ठेवला. "हे खोडा. खरं लिवा. मग करते सही."